बाळंतिणीचा सोरायसिस : गैरसमज, काळजी व उपचार

बाळंतपण होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. बाळाचे नामकरण झालेले असते. आल्यागेल्यांनी बाळ कोणाच्या तोंडावळ्याचे यावर चर्चा केलेली असते. अशा वेळी बाळंतिणीच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात केसांच्या कडेने लालसर चट्टे उठू लागतात. चट्ट्यांवर पांढरे, चंदेरी खवले धरतात. सकाळी अंथरूण झटकले की कोंड्यासारखा भुगा खाली पडतो. घरातील एखादी वडीलधारी बाई म्हणते, "बाळाला जरा लांबच ठेवा गं, त्याला लागेल." कोणी दूध तोडायला सांगते. कोणी दबक्या आवाजात विचारते, "रक्तपिती तर नसेल ना?" मग बाळ आजीच्या कुशीत जाते आणि त्याची आई भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रसंगात वाईट हेतू कोणाचाच नसतो. सर्वांना बाळाची काळजी असते. परंतु अज्ञानापोटी आई व बाळ या दोघांचेही नुकसान होते. ज्या आजाराची भीती बाळगून हे सर्व केले जाते तो सोरायसिस हा आजार स्पर्शाने, दुधाने किंवा अंथरुणा-पांघरुणाने कोणालाही लागत नाही. ही एक गोष्ट प्रत्येक घरात पोहोचावी म्हणून हा लेख लिहिला आहे. बाळंतिणीने, तिच्या घरच्यांनी व शिकणाऱ्या मुलामुलींनी याबाबत काय जाणून घ्यावे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

सोरायसिस म्हणजे काय?

आपल्या त्वचेचा वरचा थर सतत झिजत असतो आणि खालून नव्या पेशी वर येत असतात. निरोगी त्वचेत नव्या पेशीला वरपर्यंत यायला साधारण एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते सात दिवसांत होते. जुन्या पेशी गळून पडण्याआधीच नव्या पेशी येऊन थडकतात. त्यामुळे त्यांचे थरावर थर साचतात आणि खवले तयार होतात. खालच्या रक्तवाहिन्या सुजल्यामुळे चट्टा लाल दिसतो. सावळ्या वर्णावर तो जांभळट किंवा काळपटही दिसू शकतो.

असे घडण्याचे कारण शरीराच्या संरक्षण यंत्रणेत असते. रोगजंतूंशी लढण्यासाठी असलेल्या पांढऱ्या पेशी चुकून आपल्याच त्वचेला चेतवतात. यात कोणताही जंतू नसतो, म्हणून संसर्गाचा प्रश्नच येत नाही. अस्वच्छता, रक्त बिघडणे, कोणाची नजर किंवा मागच्या जन्मीचे पाप यांचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही.

भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांमध्ये सोरायसिसचे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के इतके आढळले आहे. म्हणजे मोठ्या गावात असे काही रुग्ण असणारच. ते पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत व डोक्यावरच्या पदराआड आजार लपवून वावरतात, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने २०१४ साली ठराव करून या आजाराकडे सर्व देशांचे लक्ष वेधले. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.

हा आजार कायमचा बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र तो आटोक्यात ठेवता येतो आणि महिनोन्‌महिने अंग स्वच्छ राहू शकते. मधुमेह किंवा रक्तदाब आपण जसा सांभाळतो, तसाच हा सांभाळायचा असतो.

'कुष्ठ' या शब्दाचा घोळ

सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'कुष्ठ' हा शब्द त्वचेच्या अनेक विकारांसाठी वापरला आहे. त्यात अठरा प्रकार सांगितले असून आजच्या सोरायसिसशी मिळतीजुळती लक्षणे 'एककुष्ठ' व 'किटिभ' या प्रकारांत आढळतात. युरोपातही हाच घोळ शतकानुशतके चालला. तेथे कित्येक सोरायसिसच्या रुग्णांना महारोगी समजून गावाबाहेर काढले जाई. १८४१ साली व्हिएन्ना येथील डॉ. हेब्रा यांनी हे दोन आजार वेगळे असल्याचे स्पष्ट मांडले. पुढे १८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

आपल्या भागात हा फरक कळणे विशेष गरजेचे आहे, कारण पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. ढोबळ फरक असा : कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा फिकट किंवा लालसर असतो. त्या जागी स्पर्श, गरम-गार किंवा टोचणे कमी कळते. सोरायसिसच्या चट्ट्यात संवेदना शाबूत असते, बहुतेक वेळा खाज सुटते आणि वर जाड चंदेरी खवले असतात. तथापि घरच्या घरी निदान करू नये. कोणताही चट्टा असो, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. आशाताई कुष्ठरोग शोध मोहिमेसाठी घरी येतात तेव्हा त्यांच्यापासून चट्टे लपवू नयेत.

आणि समजा, कुष्ठरोग निघालाच, तरी घाबरण्याचे कारण नाही. त्यावरील औषध शासकीय केंद्रांत मोफत मिळते. सहा महिने किंवा वर्षभर नियमित घेतल्यास रोग बरा होतो आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्याचा संसर्गही थांबतो. म्हणजे कोणत्याही बाजूने पाहिले तरी माणसाला वाळीत टाकण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

बाळंतपणानंतरच का वाढतो?

गर्भारपणी पुष्कळ स्त्रियांचा सोरायसिस आपोआप कमी होतो. गर्भाचा सांभाळ व्हावा म्हणून शरीरातील संरक्षण यंत्रणा त्या काळात काहीशी मवाळ होते आणि इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके वाढतात, हे त्यामागील कारण मानले जाते. प्रसूतीनंतर ही संप्रेरके झपाट्याने उतरतात आणि दबलेला आजार उसळी घेतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ गर्भवती रुग्णांची पाहणी केली होती. त्यांपैकी ५५ टक्के स्त्रियांचा आजार गर्भारपणी कमी झाला होता, तर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या आत ६५ टक्के स्त्रियांचा आजार वाढला होता.

म्हणून चट्टे वाढले याचा दोष बाळंतिणीला देऊ नये. "पथ्य पाळले नाहीस, म्हणून झाले," असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यात रात्रीची जागरणे, अंगावरचे रक्त कमी होणे, घरातील कुरबुरी आणि मनावरचा ताण यांची भर पडते. ताण हे सोरायसिस वाढण्याचे ठाऊक असलेले एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या आजारात जेथे त्वचेला इजा होते तेथेच नवा चट्टा उठू शकतो. जर्मन डॉक्टर कोबनर यांनी एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिले. बाळंतिणीच्या बाबतीत सिझेरियनच्या टाक्यांची जागा, घट्ट बांधलेल्या पोटपट्ट्याचा काच आणि बाळाने नीट न धरल्यामुळे चिरलेली स्तनाग्रे या ठिकाणी नवे चट्टे येण्याचा संभव असतो.

बाळाला लागतो का? दूध पाजावे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचे 'होय' असे आहे. आईने बाळाला कुशीत घ्यावे, अंगावर पाजावे, न्हाऊ-माखू घालावे. तिच्या अंगावरून पडलेला खवला बाळाला चिकटला तरी बाळाला काही होत नाही.

आनुवंशिकतेचा भाग थोडा वेगळा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला पुढे आयुष्यात कधीतरी तो होण्याचा संभव शंभरात साधारण पंधरा इतका असतो. म्हणजे शंभरातील सुमारे पंच्याऐंशी मुलांना तो होत नाही. हा कल जन्मतःच ठरलेला असतो. बाळाला आईपासून दूर ठेवल्याने तो कमी होत नाही आणि जवळ घेतल्याने वाढत नाही.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर पुष्कळदा पिवळट, तेलकट खपली धरते. ती पाहून "बघा, लागलेच ना!" असे म्हणण्याची घाई करू नये. अशी खपली कितीतरी निरोगी बाळांना येते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते.

पाजताना दुखत असेल तर बाळाला छातीशी नीट कसे धरावे, हे आरोग्य सेविकेकडून शिकून घ्यावे. स्तनाग्राच्या चिरा भरल्या की तेथील सोरायसिसही शांत होण्यास मदत होते.

बाळंतिणीची खोली : काय ठेवावे, काय बदलावे

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, तेल-मालीश, शेक-शेगडी व पौष्टिक आहार देण्याची पद्धत आहे. यांतील बरेच चांगले आहे. सोरायसिस असलेल्या बाळंतिणीसाठी त्यात थोडा बदल करावा लागतो.

तेल लावणे चांगले. चोळणे मात्र हलक्या हाताने असावे. खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलीन अंघोळीनंतर अंग दमट असतानाच लावल्यास कातडी मऊ राहते. दिवसातून दोन-तीन वेळा लावल्यास अधिक चांगले. हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

अंघोळीचे पाणी कढत नसावे, कोमट असावे. डाळीच्या पिठाने किंवा घासणीने चट्टे खरवडू नयेत. खवले काढल्याने आजार जात नाही, उलट रक्त येते आणि चट्टा पसरतो. डोक्यातील खवले मऊ होण्यासाठी रात्री खोबरेल तेल लावून सकाळी सौम्य साबणाने धुवावे. ते नखाने उपटू नयेत.

शेगडीचा शेक व धुरी यांनी त्वचा कोरडी पडते आणि धूर बाळाच्या छातीलाही वाईट असतो. तो प्रकार टाळावा. सकाळचे कोवळे ऊन मात्र उपयोगी आहे. अंगणात किंवा ओट्यावर दहा-पंधरा मिनिटे हातपाय उघडे ठेवून बसावे. अंग भाजेपर्यंत उन्हात बसू नये.

आहाराबाबत आपल्याकडे निषेधांची यादीच मोठी असते. वांगे नको, मासे नकोत, अंडी नकोत, आंबट नको. सोरायसिसमध्ये हे पदार्थ सरसकट सोडण्याला शास्त्रीय आधार नाही. पाजणाऱ्या आईला डाळी, नाचणी, पालेभाज्या, अंडी, मासे यांची गरज असते. सुके बोंबील किंवा चिकू खाल्ल्याने चट्टे वाढतात असे मानून तिचे ताट रिकामे करू नये. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तिला स्वतःला दरवेळी त्रास होत असेल तर तेवढाच टाळावा. दारू, ताडी, विडी व तंबाखू मात्र सोडावी. ती आई व बाळ दोघांनाही घातक आहे.

औषधे : कोणती चालतात, कोणती नाहीत

पाजणाऱ्या आईला सोरायसिसवर औषधच नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. औषध निवडून घ्यावे लागते. त्यासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर "मी अंगावर पाजते," हे वाक्य प्रथम सांगावे.

सौम्य व मध्यम ताकदीची स्टिरॉइड मलमे डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी व सांगितलेले दिवस वापरता येतात. छातीवर लावायचे झाल्यास पाजून झाल्यावर लगेच लावावे आणि पुढच्या वेळी पाजण्यापूर्वी मऊ ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. तेलकट मलमापेक्षा सहज पुसले जाणारे क्रीम तेथे बरे. चट्टे पुष्कळ असतील तर अतिनील किरणांचा उपचार देता येतो. त्याचा 'नॅरोबँड यूव्हीबी' हा प्रकार पाजणाऱ्या आईलाही चालतो.

काही गोळ्या मात्र धोक्याच्या आहेत. मेथोट्रेक्सेट ही गोळी गर्भारपणी व दूध पाजत असताना घेऊ नये. पुढचे मूल हवे असल्यास ती किती महिने आधी बंद करायची, हे डॉक्टरांना विचारावे. अॅसिट्रेटिन या औषधाचा परिणाम शरीरात फार काळ राहतो. ते बंद केल्यावर तीन वर्षे गर्भ राहू देऊ नये असा नियम आहे, म्हणून मूल होण्याच्या वयातील स्त्रीला ते शक्यतो दिलेच जात नाही. घरात जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या उरल्या असतील तर बाळंतपणानंतर त्या आपल्या मनाने सुरू करू नयेत.

अलीकडे मोठ्या शहरांत काही रुग्णांना 'बायोलॉजिक' नावाची इंजेक्शने दिली जातात. गर्भारपणी अशी इंजेक्शने घेतली असतील तर बाळाला बीसीजी किंवा रोटाव्हायरस लस देण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना ते जरूर सांगावे, कारण या जिवंत लसी काही काळ पुढे ढकलाव्या लागू शकतात. इतर मातांच्या बाळांचे लसीकरण ठरल्या वेळी व्हावे. आईला सोरायसिस आहे एवढ्या कारणावरून एकही लस चुकवू नये.

बावचीचे बी त्वचारोगावर फार वापरले जाते. त्यात सोरॅलेन नावाचे द्रव्य असते, ज्यामुळे उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. दूध पाजत असताना ते टाळावे. बाजारात किंवा गाडीवर मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्याही घेऊ नयेत. अशा पुड्यांत कधी स्टिरॉइड, तर कधी शिसे-पारा असू शकतो. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर आठ दिवसांत अंग स्वच्छ होते, पण ते थांबताच आजार दुपटीने उलटू शकतो.

येथे विद्यार्थी मित्रांना एक काम सांगावेसे वाटते. आपल्या घरात खाजेसाठी म्हणून आणलेली जी ट्यूब असेल, तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन अशी नावे दिसली तर ते स्टिरॉइड आहे असे समजा. केंद्र शासनाने २०१८ साली अशा अनेक मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करण्यास बंदी घातली, तरी ती सर्रास मागितली जातात. तीव्र स्टिरॉइड महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते. आई-मावशींना हे नीट समजावून सांगणे हेही शिक्षणाचेच सार्थक आहे.

पावसाळ्यात हिवताप झाला तर एक गोष्ट विसरू नये. क्लोरोक्विनसारख्या गोळ्यांनी काही जणांचा सोरायसिस वाढतो. हिवतापाचे औषध टाळायचे नाही. फक्त आपल्याला सोरायसिस आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचे.

'बाळंतवात' म्हणून सोडू नका

सोरायसिसच्या काही रुग्णांचे सांधेही धरतात. बाळंतिणीचे सांधे दुखले की "बाळंतवात आहे, जाईल," असे म्हणून सोडून दिले जाते. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ बोटे किंवा कंबर आखडून राहणे, एखादे बोट पुरते सुजणे, टाच दुखणे, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. वेळीच उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

सर्व अंग लाल होणे, किंवा तापासह अंगभर पुवाने भरलेले बारीक फोड येणे, ही तातडीची वेळ समजावी. अशा वेळी घरी थांबू नये.

तितकेच महत्त्व मनाला आहे. बाळंतीण सतत रडत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही म्हणत असेल, जेवण-झोप सुटली असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर तिला 'नाटकी' म्हणू नये. हाही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'टेलिमानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे.

कोठे जावे?

सुरुवात जवळच्या उपकेंद्रापासून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावी. तेथून डहाणू व कासा येथील उपजिल्हा रुग्णालयांत किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात जाता येते. त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे आधी विचारून निघावे म्हणजे तान्ह्या बाळासह हेलपाटा पडत नाही. आजार अंगभर असेल तर मुंबईच्या केईएम, नायर, शीव व जे. जे. रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकलगाडी येत असल्याने हा प्रवास पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. तलासरीकडच्या मंडळींना सिल्वासा येथील शासकीय रुग्णालय जवळ पडते. जाताना प्रसूतीचे कागद, बाळाचे लसीकरण कार्ड आणि आतापर्यंत वापरलेल्या सर्व मलमांच्या ट्यूब सोबत न्याव्यात.

शेवटी घरच्यांसाठी

औषध आईने लावायचे असले तरी त्यासाठी लागणारी दहा मिनिटे घरच्यांनी तिला द्यायची असतात. पाठीवरच्या चट्ट्यांना तिचा हात पोहोचत नाही. तेथे नवऱ्याने मलम लावावे. रात्री एकदा बाळाला त्याने खांद्यावर घ्यावे, म्हणजे तिला सलग दोन तास झोप मिळेल. सासूबाईंनी आल्यागेल्यांसमोर सुनेच्या मांडीवर बाळ द्यावे. ते पाहून शेजारीपाजारी जे शिकतील, ते दहा भाषणांनी शिकणार नाहीत.

आपल्या समाजाने स्पर्शाच्या विटाळाचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. माणसाने माणसाला शिवू नये असे ठरवणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. तेव्हा आपल्याच घरातील एका बाळंतिणीला तिच्या तान्ह्या लेकरापासून दूर बसवताना आपला हात थबकला पाहिजे. चट्टे येतील, औषधाने कमी होतील, पुन्हा कधी येतीलही. बाळाचे पहिले वर्ष मात्र पुन्हा येत नाही. ते आईच्या कुशीतच जावे, इतके आपण सर्वांनी मिळून पाहिले तरी पुष्कळ झाले.